आधी बाटली दाखवा, मग डॉक्टरला बोल लावा

पत्र आलंय सेलूकडून. नाव छापू नका म्हणाल्यात, म्हणून नुसतं पत्र देते, थोडं कमी करून.

"डॉक्टरताई, माझं वय ३८, घरीच ब्लाऊज, फॉल-पिकोचं काम करते. लहानपणी हापशाचा दांडा लागून समोरच्या दाताचा कोपरा उडाला होता. तो मागच्या दिवाळीच्या टायमाला भरून घेतला, दाताच्याच रंगाचा, लई छान दिसायचा. तेव्हाच दात साफ केले आणि हिरड्यातून रक्त यायचं म्हणून डॉक्टरांनी गुळण्या करायला गुलाबी औषध दिलं, सकाळ-संध्याकाळ. ते संपलं की मी मेडिकलवरून आणत गेले. तोंडाला वास येतो असं वाटतं म्हणून दुपारी एक निळं, झोंबणारं माऊथवॉशपण घेते. आता आठ महिने झाले, भरलेला कोपरा तपकिरी पडलाय आणि जिभेला खरखर लागतो. मालक म्हणतात डॉक्टरनं डुप्लिकेट मसाला भरला, चल भांडायला. मेडिकलवाला म्हणतो चहामुळं झालं. जाऊबाई म्हणतात सगळं सोड, तुरटीच्या गुळण्या कर. माझ्या दाढेत एक चांदी आहे माहेरी असताना भरलेली आणि एक पांढरं सिमेंट आहे, त्यांचंपण असंच होईल का? खरं कुणाचं धरू?"

ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोठं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय, "ते संपलं की मी मेडिकलवरून आणत गेले." बाकी सगळं, चहा, मसाला, तुरटी, ह्या वाक्याच्या मागं उभंय. मालकांना म्हणावं थोडं थांबा, भांडणाला अजून टाईम आहे.

आधी घरातल्या दोन्ही बाटल्या समोर घ्या आणि चष्मा लावून मागचं बारीक वाचा. मला इथं बसून शंभर टक्के सांगता येणार नाही पण गुलाबी, हिरड्यासाठी दिलेलं, थोडं कडू-गोड आणि घेतल्यावर तासभर जेवणाला चवच लागत नाही असं असेल तर त्याच्यावर क्लोरहेक्झिडिन लिहिलेलं असणार, बहुतेक ०.२ टक्के. हे साधं माऊथवॉश नाही हो, औषध आहे, आणि एकदम भारी औषध आहे. १९७० साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो नावाच्या डॉक्टरनं आणि त्याच्या जोडीदारानं दाखवून दिलं की माणसानं ब्रश करणं बंद केलं तरी दिवसातून दोनदा १० मिली क्लोरहेक्झिडिननं चूळ भरली तर दातावर कीटण धरत नाही. तेव्हापासून हिरड्यांच्या त्रासात आम्ही डोळे झाकून हेच लिहितो. पण लिहितो दहा दिवस, फार तर दोन आठवडे. आठ महिने कुणीच लिहीत नाही.

काहून? तर ह्या औषधाचा जो गुण आहे तोच त्याचा अवगुण आहे. ते तोंडात चिकटून राहतं. दातावर, जिभेवर, भरलेल्या मसाल्यावर, सगळीकडं, आणि तासन् तास तिथून थोडं थोडं सुटत राहतं, म्हणून तर दिवसातून दोनदाच घेतलं तरी पुरतं. आता तुम्ही कापडातल्या आहात म्हणून तुम्हाला लगेच कळेल, रंगारी कापडाला रंग पक्का बसावा म्हणून आधी तुरटीच्या पाण्यातून काढतो ना, मग रंग धरून बसतो, तसंच आहे हे. क्लोरहेक्झिडिन दातावर बसलं की चहाच्या रंगाला धरायला जागा मिळाली. चहा एकटा एवढा डाग पाडत नाही आणि औषध एकटंही नाही पाडत, दोघं मिळून पाडतात. म्हणजे मेडिकलवाला अर्धा बरोबर आहे, फक्त उरलेला अर्धा त्याच्याच काऊंटरवरून जातोय म्हणून त्याला दिसला नसेल.

एक हिशोब करून बघा. दीडशे मिलीची बाटली, १० मिली सकाळी, १० मिली रात्री, म्हणजे साडेसात दिवसांत संपायला पाहिजे. आठ महिन्यांच्या झाल्या ३२ बाटल्या. तुम्ही ३२ आणल्या नसणार हे मला माहितीये, आपल्याकडं कुणीच आणत नाही, आपण झाकणात थोडं घेतो, त्याच्यात पाणी घालतो, महिनाभर पुरवतो. म्हणजे हिरड्यांना पाहिजे तेवढा डोस मिळाला नाही पण डाग पडायला मात्र पुरेसं झालं. वरून जर पेस्टनं ब्रश करून लगेच हे घेत असाल तर अजून वाया, कारण पेस्टच्या फेसातला पदार्थ आणि क्लोरहेक्झिडिन एकमेकाला मारतात, मध्ये अर्धा तास तरी जाऊ द्यावा लागतो. हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं का? नसेलच सांगितलं.

आणि इथं मी माझंच सांगते, कारण दुसऱ्याच्या नावानं बोटं मोडायला सोपं असतं. लातूरला प्रॅक्टिस सुरू करून वर्ष-दीड वर्ष झालं असेल, एक गुरुजी होते, त्यांच्या समोरच्या चार दातांना मी मसाला भरला होता, कडेनं कडेनं, मला स्वतःला त्या कामाचं इतकं कौतुक की मी मोबाईलवर फोटो काढून ठेवला होता. हिरड्या सुजलेल्या म्हणून हेच औषध लिहिलं. चिठ्ठीवर लिहिलं "सकाळ-रात्र" आणि किती दिवस ते लिहिलंच नाही. गुरुजी शिस्तीचे माणूस, डॉक्टरनं सांगितलं म्हणजे करायचंच. पाच महिन्यांनी आले तर दाताच्या मधल्या फटी कात लावल्यासारख्या, जीभ काळपट, आणि माझे ते चार दात सगळ्यात जास्त रंगलेले. म्हणाले, "मॅडम, तुम्ही बंद करा म्हणलाच नाहीत." काय बोलणार? तेव्हापासून मी बाटलीच्या खोक्यावरच पेननं बंद करायची तारीख टाकून देते. तुमच्या डॉक्टरकडून चूक झाली असेल तर ती मसाल्यात नसून इथं झाली असेल.

बरं, हे झालं रंगाचं. खरखरीचं काय?

तुमच्या दाताच्या कोपऱ्यात जे भरलंय त्याला कॉम्पोझिट म्हणतात. आपल्या घराच्या स्लॅबसारखंच असतं ते. खडीच्या जागी काचेची अगदी मऊ पूड, वजनानं बघितलं तर सत्तर-ऐंशी टक्के तीच, आणि सिमेंटच्या जागी एक चिकट रेझिन, जे निळ्या लाईटनं कडक होतं. हे रेझिन राफेल बोवेन नावाच्या अमेरिकन माणसानं शोधलं, १९६२ ला त्याचं पेटंट झालं, आणि आजपण बऱ्याचशा कंपन्यांच्या ट्यूबमध्ये त्याच घराण्यातलं रेझिन असतं. दिसायला एक नंबर, दाताला घट्ट चिकटतं, पण त्याला एक गोष्ट मानवत नाही, अल्कोहोल. पाणी तर ते हळूहळू पितंच, तोंडात असलेलं कुठलंही कॉम्पोझिट थोडं पाणी पितं, पण अल्कोहोल त्या रेझिनच्या साखळ्यांच्या आत जाऊन त्यांना सैल करतं, वरचा थर मऊ पडतो, मग ब्रश घासला, भाकरी चावली की मऊ पडलेल्या थरातून काचेचा एखादा कण निघून येतो आणि तिथं बारीक खड्डा राहतो. असे हजारो खड्डे म्हणजे तुमच्या जिभेला लागणारी खरखर. आणि खरखरीत जागेवर चहा अजून जास्त बसतो हे वेगळं सांगायला नको, स्टीलच्या नव्या पातेल्यापेक्षा घासून घासून ओरखडलेल्या पातेल्याला दूध जास्त लागतं तसंच.

आता तुमचं निळं झोंबणारं. झोंबतंय म्हणजे त्याच्यात अल्कोहोल असायची शक्यता बरीच आहे, पण झोंबणं हा काही पक्का पुरावा नाही, लेबल वाचा. अल्कोहोल किंवा इथेनॉल असं लिहिलेलं असेल, नाहीतर मग समोर मोठ्या अक्षरात अल्कोहोल-फ्री किंवा झिरो असं असतं. अमेरिकेतल्या मूळच्या पिवळ्या लिस्टरिनमध्ये २६.९ टक्के अल्कोहोल असतं आणि त्यांच्या पुदिन्याच्या निळ्यात २१.६ टक्के. बिअरमध्ये पाच-एक टक्के असतं, म्हणजे बघा. (मालक माळकरी असतील तर त्यांना हे वाचून दाखवू नका, दोन-दोन भांडणं कशाला.) अल्कोहोल त्याच्यात नशेसाठी टाकत नाहीत, त्याच्यातली तेलं पाण्यात विरघळत नाहीत म्हणून टाकतात. त्या तेलांपैकी एक आहे थायमॉल, म्हणजे आपल्या ओव्याला जो वास असतो ना, तोच.

मग ह्या निळ्यानंच तुमचा दात खराब केला का? इथं घाईनं हो म्हणता येत नाही. कॉलेजला असताना हे आम्ही प्रत्यक्ष बघितलंय, कॉम्पोझिटच्या गोल चकत्या बनवायच्या, कोटाच्या बारक्या बटनाएवढ्या, दोन मिलीमीटर जाड, पॉलिश करायच्या, आणि माऊथवॉशमध्ये बुडवून ३७ डिग्रीला ठेवून द्यायच्या. मग एक हिऱ्याचं टोक त्याच्यावर ठराविक वजनानं दाबायचं आणि किती मोठी खूण उमटली ते मायक्रोस्कोपखाली मोजायचं, बुडवायच्या आधी आणि नंतर. अल्कोहोलवाल्यातली चकती बहुतेक वेळा जास्त मऊ निघायची. पण बिनअल्कोहोलवाल्यातलीपण थोडी मऊ निघायची, आणि एका कंपनीच्या चकतीचं एक तर दुसरीचं वेगळंच. म्हणजे नुसत्या अल्कोहोलवर खापर फोडता येत नाही, पाणी पिणं आहे, बाटलीतला आंबटपणा आहे, आणि मसाला लाईटनं नीट कडक झाला होता का नाही हे तर सगळ्यात मोठं आहे.

आणि ह्या प्रयोगांत चकती सलग १२ तास बुडवलेली असते, कधी २४ तास. १२ च काहून? तर रोज दोन मिनिटं धरली तर वर्षाची ७३० मिनिटं, म्हणजे बारा तासाला वर थोडं. एका रात्रीत वर्षाचं माऊथवॉश पाजायचं. तुमच्या तोंडात तसं होत नाही, अर्धा मिनिट खळखळून थुंकलं की लाळ लगेच सगळं पातळ करते, धुऊन टाकते. तुम्ही रोज दुपारी अर्धा मिनिट घेत असाल तर आठ महिन्यांचे २४० दिवस, म्हणजे १२० मिनिटं, एकूण दोन तास. दोन तासांत, तेपण तुकड्या-तुकड्यानं, चांगला कडक झालेला मसाला इतका खराब होत नाही हो. थोडी झळ बसली असेल, वरच्या थराला, एवढंच.

म्हणून मला दुसराच संशय येतोय. ताई, तुम्ही दोरा कशानं तोडता?

आमच्याकडं टेलरकाम करणाऱ्या बायका आल्या की मी आधी समोरचे दोन दात बघते, खालच्या कडेला बारीक खाच असते, सुईच्या नाकाएवढी. शिलाई मारून झाली, कापड तसंच पायाखाली, कात्री कुठंतरी ढिगाऱ्यात गेलेली, मग काय, दोरा दातात धरून झटका. दिवसातून किती वेळा? तुम्हीच मोजा. पॉलिस्टरचा दोरा म्हणजे करवतच आहे ती, आणि तुमचा भरलेला भाग आहे नेमका कोपऱ्यात, कडेला, जिथं दोरा अडकवायला सोपं जातं. वरून टाचण्या ओठात धरायची सवय. औषधानं वरचा थर जरा मऊ पडला असला आणि त्याच्यावर रोज पन्नास वेळा दोरा घासला तर खरखर होणारच की. हे तुम्ही पत्रात लिहिलं नाही म्हणून मी विचारतेय, करत नसाल तर माझा अंदाज चुकला, मग भरल्यानंतर पॉलिश नीट झालं नसेल असं धरावं लागेल.

मालकांच्या डुप्लिकेटचं काय ते पण बोलून टाकू. मसाला खोटा असेल तर तो आठ महिने छान दिसून मग सगळीकडं सारखा तपकिरी होईल असं नसतं. घरी आरशासमोर उजेडात उभं राहा, ओठ वर करा आणि नीट बघा. भरलेल्या भागाचा सगळा वरचा थरच पिवळट-तपकिरी झालाय आणि बाजूच्या, न भरलेल्या दातांच्या फटीतपण तसलाच रंग थोडा थोडा दिसतोय तर हा वरचा डाग आहे, निघतो. पण भरलेला भाग तसा बरा आहे आणि जिथं मसाला आणि दात जुळतात तिथं एक काळपट बारीक रेघ आलीय, त्या रेघेत नख अडकतंय, गार पाणी लागलं की झिणझिण होतंय, तर मात्र कड सुटलीय, आत पाणी चाललंय. मग ते काढून परत भरावं लागेल. कॉम्पोझिट खराब होतं ते जास्त करून असंच, कडेला परत कीड लागून नाहीतर तुकडा उडून. माऊथवॉशमुळं मसाला निघून आला असं मी इतक्या वर्षांत एकपण बघितलं नाही.

एक गंमत सांगते, हेच क्लोरहेक्झिडिन, २ टक्क्याचं, बरेच डॉक्टर मसाला भरायच्या आधी दाताच्या आत लावतात. दाताच्या आतल्या भागात अशी काही द्रव्यं असतात जी मसाल्याची पकड हळूहळू खात राहतात, हे औषध त्यांना गप्प बसवतं. म्हणजे मसाल्याच्या खाली लावलं तर पकड टिकवतं आणि वरून आठ महिने ओतलं तर रंग घालवतं.

आता तुमच्या दाढा.

माहेरची चांदी आहे तिला काही होत नाही, तिची काळजी सोडा. त्याच्यात निम्मा पारा आणि बाकी चांदी, कथील, तांबं असं असतं, धातूच तो, त्याला अल्कोहोलनं काय फरक पडणार. काळी दिसते ती पहिल्यापासूनच दिसत असेल. कुणीतरी म्हणलं म्हणून उगी काढून पांढरं भरायला जाऊ नका, चांगली बसलेली चांदी उकरण्यात चांगला दातपण जातो.

पांढऱ्या सिमेंटचं मात्र जरा नाजूक आहे. तुम्ही सिमेंट म्हणताय म्हणून ते ग्लास आयोनोमर असावं असं मी धरते, आपल्याकडं सरकारी दवाखान्यात, कॅम्पमध्ये, लहान पोरांच्या दातात तेच भरतात. लंडनच्या सरकारी लॅबमध्ये विल्सन आणि केंट ह्या दोघांनी काढलं, १९७२ च्या सुमाराला. ते आम्लात कालवलेल्या काचेच्या पुडीचंच बनलेलं असतं आणि बनल्यावर पुढंपण आम्लानंच झिजतं. त्याला अल्कोहोलपेक्षा आंबट जास्त बाधतं. म्हणून जाऊबाईंना नम्रपणे सांगा, तुरटी नको. तुरटीचं पाणी चांगलंच आंबट असतं, लिंबाइतकं नाही पण दाताला नको तेवढं नक्कीच, जिभेवर ठेवली की तोंड कसं आवळून येतं बघा. एखाद दिवस हिरडीतून रक्त आलं म्हणून केली तर आभाळ कोसळत नाही पण रोजची सवय लावली तर त्या सिमेंटचा वरचा थर आणि तुमचे स्वतःचे दात दोन्ही झिजतील. कोल्ड्रिंकचं आणि सारखं लिंबू चोखायचंपण तेच. ह्या सिमेंटचा एक चांगला गुण म्हणजे ते फ्लोराईड सोडतं, आणि फ्लोराईडच्या पेस्टनं ब्रश केलं की थोडं परत भरूनपण घेतं, आपल्या पाण्याच्या टाकीसारखं. फक्त भरल्याच्या पहिल्या दिवशी त्याला कशाचाच धक्का नको. कॉम्पोझिटपण लाईट मारल्या मारल्या कडक वाटतं खरं पण आत पुढचे २४ तास ते मुरत असतं, म्हणून भरल्याच्या दिवशी झोंबणारं माऊथवॉश, गरम चहा, हळदीची भाजी असलं काही घेऊ नका असं आम्ही सांगतो आणि लोक घरी जाऊन आधी चहाच मांडतात.

मला खरं विचाराल तर ह्या सगळ्या प्रकरणात दोन्ही बाटल्यांपेक्षा तो वास महत्त्वाचा आहे, ज्याच्यासाठी तुम्ही निळी आणली. वास येतो असं "वाटतं" असं लिहिलंय तुम्ही. कुणी म्हणलं का? का नुसतं वाटतं? सकाळी उठल्या उठल्या सगळ्यांच्याच तोंडाला येतो, रात्री लाळ कमी होते म्हणून. चतुर्थीला, एकादशीला दिवसभर पाणीपण कमी पिलं की येतो. मशीनवर बसलं की तीन-तीन तास पाण्याचा घोट नाही, तोंड कोरडं, मग दुपारी येणारच. त्याला बाटलीभर पाणी मशीनजवळ ठेवणं हे निळ्या औषधापेक्षा बरं. तरीपण राहिला तर वास बहुतेक वेळा जिभेच्या मागच्या भागातून आणि दातांच्या मधल्या फटीतून येतो, जिथं कुठलीच चूळ पोचत नाही. जीभ साफ करा, जिभलीनं, अगदी मागून पुढं. दोन दातांच्या मध्ये दोरा फिरवा, तुमच्या मशीनचा नाही, फ्लॉस म्हणून मेडिकलवर मिळतो तो. फ्लॉस एकाच जागी रोज अडकून तुटत असेल, धागे निघत असतील, तर तिथं भरलेल्याची कड सुटलीय असं समजा आणि ती जागा लक्षात ठेवून डॉक्टरला दाखवा.

हिरड्यातून अजून रक्त येतंय का हे तुम्ही लिहिलंच नाही. येत असेल तर आठ महिने औषध घेऊनही येतंय म्हणजे दातावर परत दगड धरलाय, तो काढावाच लागतो, चुळीनं जात नाही. तोपर्यंत कोमट पाणी, ग्लासाला अर्धा चमचा मीठ, एवढं बस. मिठाच्या पाण्यानं चांदीला, सिमेंटला, कॉम्पोझिटला कशालाच काही होत नाही, आणि खर्च शून्य.

माऊथवॉश घ्यायचंच असेल, मन मानतच नसेल, तर बिनअल्कोहोलचं, सोडियम फ्लोराईड ०.०५ टक्के लिहिलेलं घ्या, आणि ब्रश केल्या केल्या घेऊ नका, पेस्टमधलं फ्लोराईड त्याच्यापेक्षा जास्त कामाचं असतं ते धुऊन जातं, दुपारी जेवणानंतर घ्या. सहा वर्षांच्या आतल्या लेकरांना फ्लोराईडचं देऊ नका, ते गिळतात. आणि तुमच्या घरी बोअरचं पाणी पीत असतील आणि लेकरांच्या दातावर खडूसारखे पांढरे किंवा पिवळट पट्टे असतील तर आधी पाणी तपासून घ्या, पाण्यात फ्लोराईड लिटरमागं दीड मिलिग्रॅमच्या वर जायला नको. आपल्याकडं नांदेडच्या किनवट भागात ह्याचा त्रास जुनाच आहे, आणि असल्या ठिकाणी अजून फ्लोराईडची बाटली आणणं म्हणजे भरल्या ताटात वाढणं.

तर आता असं करा. गुलाबी आजपासून बंद. निळीपण बंद, फेकायची नसेल तर बेसिनमध्ये ओता, वास तरी जाईल. ज्या डॉक्टरनं भरलं त्याच्याकडंच जा, दुसरीकडं नको, कारण कुठला मसाला, कुठला शेड भरला ते त्याच्याकडं लिहिलेलं असतं. आत गेल्यावर "तुम्ही काय भरलं" असं सुरू करू नका, "हे औषध मी आठ महिने घेतलं" असं सुरू करा, त्याला लगेच कळेल आणि बहुतेक तो जरा ओशाळेलपण. परत भरा म्हणू नका, आधी पॉलिश करून बघा म्हणा. बारीक-बारीक चकत्या असतात, एकामागून एक अजून मऊ होत जाणाऱ्या, पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे, सुई नाही, दुखत नाही, आणि भरण्यापेक्षा बराच कमी खर्च. डाग वरचा असेल तर तिथंच जाईल, जीभ फिरवून बघा, खरखर गेली का ते खुर्चीतच कळतं. गेली नाही किंवा कडेला रेघ निघाली तर मग वरचा थोडा थर काढून नवा लावता येतो, पूर्ण उकरायची गरज पडेलच असं नाही. पॉलिश केल्यावर आठवडाभर चहा कमी करा म्हणणार होते पण परभणी जिल्ह्यात हे कोण ऐकणार, निदान चहा पिल्यावर साध्या पाण्यानं चूळ तरी भरा.

मालक सोबत येणार असतील तर येऊ द्या. जाताना दोन्ही रिकाम्या बाटल्या पिशवीत घालून न्या, तोंडी सांगण्यात अर्धं राहून जातं. आणि येताना बाजारातून ती छोटी दोरा कापायची कात्री घ्या, स्प्रिंगची, पंधरा-वीस रुपयाला मिळते, आणि सुतळीनं मशीनच्या दांड्यालाच बांधून टाका, म्हणजे ढिगाऱ्यात जाणार नाही.